गेमिंगवाला की पातळ? लाईट जाणाऱ्या गावासाठी लॅपटॉप निवडताना

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी रत्नागिरीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागली, रूम घेऊन राहणार, शनिवारी एसटीने राजापूरकडे घरी आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत, बजेट ६० हजारांच्या आसपास. दुकानदार म्हणतो गेमिंगवाला घ्या, चार वर्षं बघायला नको. पुण्याचा भाचा म्हणतो पातळ हलका घ्या. आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की परफॉर्मन्स, वजन आणि बॅटरी यातलं नेमकं कशाला किती महत्त्व द्यायचं. मी इथे रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते, विकत नाही. त्यामुळे नवीन मशीन शोरूममध्ये कसं चमकतं यापेक्षा दोन-तीन पावसाळे काढल्यावर ते आतून कसं दिसतं हे मला जास्त माहिती आहे, आणि त्याच बाजूने सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्या मुलीसाठी बॅटरी पहिली, वजन दुसरं आणि परफॉर्मन्स तिसरा. परफॉर्मन्सला किंमत नाही म्हणून नव्हे, तर आजच्या कुठल्याही बऱ्या लॅपटॉपमध्ये तिच्या अभ्यासापुरता परफॉर्मन्स असतोच, बॅटरी आणि वजन मात्र असेलच असं नाही. प्रोग्रामिंग, डेटाबेस, वेब, थोडंफार मशीन लर्निंग, प्रेझेंटेशन, ऑनलाइन लेक्चर, चार वर्षांत हेच होणार, आणि यातल्या कशालाच वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मशीन लर्निंगची मोठी मॉडेल ट्रेन करायची वेळ आलीच तर मुलं ती गूगल कोलॅबसारख्या इंटरनेटवरच्या ठिकाणी करतात, स्वतःच्या लॅपटॉपवर नाही.

आता दुकानात कोणी सांगत नाही ती गोष्ट. गेमिंग लॅपटॉपची जी ताकद बॉक्सवर छापलेली असते ती फक्त प्लग लावलेला असताना मिळते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही जोरात चालले की १५०-२०० वॉट लागतात, एवढे वॉट बॅटरीतून काढता येत नाहीत, म्हणून वायर काढली की मशीन स्वतःच आपला वेग खाली आणतं. आणि नुसतं वर्डमध्ये टाईप करत बसलात तरी अशा मशीनला बऱ्याचदा १५-२० वॉट लागतात, जिथे साधा १४ इंची ६-८ वॉटमध्ये तेच काम करतो. मिरग लागल्यापासून नवरात्रापर्यंत आपल्याकडे लाईटचा काय भरवसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको, राजापूरच्या आतल्या वाड्यांत तर झाड पडलं की दुपारची गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी येते. म्हणजे लाईट गेली की ज्याच्यासाठी वीस-पंचवीस हजार जास्त मोजले तो परफॉर्मन्सही गेला, उरला काय तर दोन तासांत झोपणारा जड लॅपटॉप. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड बाजूला कित्येक दिवस लाईट नव्हती, तसं रोज होत नाही मान्य, पण चार-सहा तासांचा खाडा हा आपला नेहमीचा हिशोब आहे आणि लॅपटॉप त्या हिशोबाने घ्यायचा.

बॅटरीचा हिशोब कसा करायचा तेही सांगते कारण कंपन्या "१० तास", "१२ तास" लिहितात त्यावर जाऊ नका. ते ब्राइटनेस कमी करून, एक व्हिडिओ लूपवर लावून वगैरे मोजलेलं असतं. तुम्ही फक्त एक आकडा विचारायचा, बॅटरी किती वॉट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती वीज मावते. हा आकडा स्पेसिफिकेशनमध्ये असतो आणि बॅटरीवरही छापलेला असतो. ४१-४२ वॉट-अवर म्हणजे कमी, ५० म्हणजे ठीक, ५५-६० च्या वर म्हणजे चांगली, ७० च्या वर म्हणजे उत्तम. त्याला तुमच्या कामाच्या वॉटने भागा. साधं लिहिणं-वाचणं आणि ब्राउझर ७-८ वॉट धरा, व्हिडिओ कॉल किंवा कोड कंपाइल करणं वगैरे असेल तर १२-१५ धरा. ४२ ला ८ ने भागलं तर सव्वापाच तास, १४ ने भागलं तर तीन तास, ही झाली नवीन बॅटरीची गोष्ट. दोन वर्षांनी त्यातली वीस-एक टक्के क्षमता गेलेली असते, मग तोच लॅपटॉप मिश्र कामाला सव्वादोन-अडीच तास चालतो आणि कॉलेजात दुपारनंतर चार्जरसाठी प्लग शोधत फिरावं लागतं. ६० वॉट-अवरवाल्याला तीच झीज झाली तरी साडेतीन तास उरतात. बॅटरी मोठी घेणं म्हणजे खरं तर तिसऱ्या वर्षाची सोय आज करून ठेवणं आहे.

इन्व्हर्टर आहे घरी, मग काय प्रॉब्लेम असं म्हणाल तर तोही हिशोब करू. घरात साधारण १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी असते, कागदावर १८०० वॉट-अवर, पण नुकसान वगैरे जाऊन हाती बाराशेच्या आसपास लागतात. दोन जुने पंखे आणि चार एलईडी म्हणजे १९० वॉट धरा, सव्वासहा तास झाले. त्यात १४ इंची लॅपटॉप जोडला तर सरासरी ३५ वॉट वाढतात, इन्व्हर्टर पाच तासांच्या वर चालतो. गेमिंगवाला जोडून त्यावर काम केलं तर १८० वॉट एकट्याचे, सगळ्या घराचा इन्व्हर्टर तीन तासांत संपला, रात्री आजी-आजोबांचा पंखा बंद. (इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो, त्यावर तासन्‌तास लावून ठेवू नका, साइन वेव्ह असेल तर चिंता नाही.) आणि हो, राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो नक्की घ्या, नाहीतर लॅपटॉप चालू आणि नेट बंद अशी गत होते.

यातच एक अट घालते, ती अजिबात सोडू नका. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणारा हवा, आणि नुसतं टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे चार्ज होतो असं नसतं, "पॉवर डिलिव्हरी" लिहिलेलं आहे का ते बघायचं. बरेच स्वस्त लॅपटॉप पोर्ट देतात पण त्यातून चार्जिंग घेत नाहीत. टाइप-सी असेल तर ६५ वॉटचा कुठल्याही चांगल्या कंपनीचा चार्जर चालतो, तोच मोबाईलला चालतो, रूमवर एक घरी एक ठेवता येतो, आणि २०,००० एमएएचची ६५ वॉटवाली पॉवर बँक घेतली तर तिच्यात ७४ वॉट-अवर असतात, लॅपटॉपपर्यंत साठ-एक पोचतात, म्हणजे एक आख्खी बॅटरी सॅकमध्ये जास्तीची. आणखी एक फायदा माझ्या टेबलावरून दिसतो. जुन्या गोल पिनचा जॅक ढिला झाला की काही मॉडेल्समध्ये मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या काही मशीनमध्ये असे दोन पोर्ट असतात, तिथे एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम भागतं.

वजनाबद्दल थोडक्यात. १५.६ इंची साधा लॅपटॉप १.६-१.७ किलो, १४ इंची १.३ ते १.५, गेमिंग २.२ ते २.४ आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर वेगळा अर्धा-पाऊण किलोचा. तीन किलो झाले, वर वह्या, डबा, पाण्याची बाटली, छत्री. सोमवारच्या पहाटेच्या गाडीत बसायला जागा मिळेलच असं नाही, उभ्याने प्रवास झाला तर सॅक पाठीवर दोन तास राहणार. नाकापेक्षा मोती जड होतो आणि मग मुलं लॅपटॉप रूमवर ठेवून जायला लागतात, कॉलेजात मोबाईलवर भागवतात. मी हे खूप मुलांचं बघितलंय, लॅपटॉप उत्तम पण कायम गादीवर. न नेलेल्या लॅपटॉपचा परफॉर्मन्स शून्य. म्हणून १४ इंच आणि दीड किलोच्या आत, एवढं ठरवून टाका. स्क्रीन १६:१० ची, म्हणजे जरा जास्त उंच, मिळाली तर कोडच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात, छोट्या स्क्रीनवर तेवढंही बरं पडतं.

आता प्रोसेसर. इथे दुकानदार इंटेलचा आय५, आय७ एवढंच बोलतो आणि लोक फसतात. आकड्याच्या शेवटचं अक्षर बघायचं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, मूळ १५ वॉटचा. एच म्हणजे ४५ वॉटचा, जोरात पळणारा आणि तापणारा. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्ये एचएस हा मधला, साधारण ३५ वॉटचा. उदाहरण देते, आय७-१३५५यू मध्ये मोठे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, फक्त २ आणि छोटे ८, तर आय५-१३५००एच मध्ये मोठे ४ आणि छोटे ८. म्हणजे जड कामाला हा आय५ त्या आय७ च्या पुढे जातो, आणि बॅटरीवर आय७ यू जास्त टिकतो. नुसतं "आय७ आहे साहेब" याला काहीच अर्थ नाही. एएमडीमध्ये तर आणखी सांभाळून, ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, तो आतली पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २ आहे, म्हणजे एएमडीच्या २०१९ च्या झेन २ रचनेवर बेतलेला आणि ४ कोअरचा. रायझन ५ ७५३०यू झेन ३, ६ कोअर. दहाचाच फरक दिसतो नावात पण मशीन वेगळं. तसंच इंटेलचं कोअर ५ १२०यू नाव नवीन वाटतं, आत जुनी १३ व्या पिढीचीच रचना आहे, वाईट नाही पण नवीन म्हणून जास्त पैसे देऊ नका. तिच्यासाठी ७५३०यू, १३३४यू या दर्जाचा किंवा त्याच्या वरचा कुठलाही चालेल, ७५३५एचएस मिळाला आणि बॅटरी मोठी असेल तर छान.

रॅम १६ जीबी. ८ वर विंडोज ११, ब्राउझरचे पंधरा टॅब, कोड एडिटर आणि सोबत अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की मशीन रांगायला लागतं. आता "८ घ्या, पुढे वाढवा" हा सल्ला ऐकायच्या आधी रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डवर कायमची डाकलेली आहे का स्लॉट आहे ते विचारा, पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा सोल्डर असते आणि मग जन्मभर तेवढीच. शिवाय २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढले, त्यामुळे नंतर स्वस्तात टाकू हे गणितही आता बसत नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, ५१२ जीबीची एनव्हीएमई प्रकारची पुरे, ती बहुतेक मशीनमध्ये नंतर बदलता येते. आणि रॅमची एकच १६ ची काडी आणि दोन ८-८ च्या काड्या यात, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला चांगलाच फरक पडतो, दोन असतील तर आतलं ग्राफिक्स जास्त जोरात चालतं.

आता आपल्या हवेबद्दल, आणि इथे जरा सविस्तर सांगते कारण पुण्या-बंगळुरूचे व्हिडिओ बघून लॅपटॉप घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. किनाऱ्याजवळच्या घरातला लॅपटॉप मी उघडते तेव्हा सगळ्यात आधी फॅनकडे बघते. पात्यांवर नुसती धूळ नसते, ओलसर करडा थर असतो, बोटाने खरवडला तर चिकट लागतो, कारण त्यात मीठ आहे आणि मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं. त्याच्या शेजारी तांब्याच्या पाइपवर हिरवट डाग. मग यूएसबी पोर्टच्या आतल्या पिना काळ्या-हिरव्या. मागच्या झाकणाचे स्क्रू गंजून बसलेले, एक-दोन तरी ड्रिल करावे लागतात. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट पापुद्रा येतो आणि मशीन चालूच होत नाही, काळी स्क्रीन, मालक घाबरून मदरबोर्ड गेला म्हणून येतात, आणि रॅम काढून पट्टी साध्या खोडरबराने हलकी पुसून लावली की चालू. सोल्डर रॅमला हा त्रास नाही, हा तिचा एक फायदा, पण ती बिघडली तर खर्च मोठा.

यावरून निवडीत काय बदलतं? दोन गोष्टी. एक, जेवढा जास्त तापणारा लॅपटॉप तेवढा मोठा फॅन, तेवढी जास्त हवा आत आणि तेवढं जास्त मीठ आत. गेमिंगवाल्यात दोन मोठे फॅन असतात, पहिल्या वर्षानंतर दरवर्षी आतून साफ करून घ्यावाच लागतो, नाहीतर तापून वेग कमी करतो आणि एप्रिल-मेमध्ये तर बसल्याजागी विमानासारखा आवाज. यू प्रोसेसरवाल्याचा फॅन बराच वेळ बंदच असतो. दुसरी गोष्ट, मागचं झाकण साध्या स्क्रूने उघडणारं हवं आणि आतली बॅटरी, फॅन, रॅम, एसएसडी सुटं होणारं हवं. मॉडेलचं नाव आणि "डिसअसेंब्ली" असं यूट्यूबवर टाका, दोन मिनिटांत दिसतं आत काय सुटं आहे. बॉक्सवर "मिलिटरी ग्रेड" लिहिलेलं असतं त्यावर फार विसंबू नका. ते एमआयएल-एसटीडी-८१० नावाचं चाचण्यांचं मानक आहे, त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी ठरवते. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी त्यात आहे, पण आपल्या लॅपटॉपवर ती केली का हे माहितीपत्रकात शोधून बघावं लागतं.

वापरताना एवढं सांभाळा. लॅपटॉप बंद करून कपाटात आठवडे ठेवू नका, चालू मशीनची उष्णता आतला ओलावा घालवते. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनच्या कडेला आणि कीबोर्डच्या कापडी कव्हरवर बुरशी येते, मे महिन्यात चाकरमानी येऊन ठेवून गेले आणि गणपतीत उघडला तर चालू होत नाही, अशी मशीन दरवर्षी येतात. सॅकच्या आत लॅपटॉपच्या कप्प्यात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. सॅकला रेनकव्हर हवंच, एसटीच्या खिडकीतून येणारं पाणी चेनमधून आत जातं. आणि एक जी बहुतेकांना माहिती नसते, कॉलेजची लॅब एसीची असेल तर तिथून बाहेर दमट हवेत आल्यावर लगेच लॅपटॉप उघडू नका. चष्म्यावर वाफ धरते ना, तशीच आत थंड धातूवर धरते. अर्धा तास सॅकमध्ये चेन लावून राहू द्या, मग उघडा. मुंग्यांचंही सांगते, खालच्या जाळीतून लाल मुंग्या आत जाऊन घर करतात, विशेषतः जमिनीवर किंवा गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये, आणि कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा पडला की त्यांना वाट सापडतेच.

अर्थिंगचा विषय राहिला. पातळ लॅपटॉप बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात, चार्जिंगला लावून मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात, माणसं म्हणतात लॅपटॉप खराब निघाला. नाही, तीन पिनच्या अ‍ॅडॅप्टरला घरात अर्थिंग मिळत नसेल तर हे होतं. आपल्याकडे जांभा दगड, मे महिन्यात कोरडा ठणठणीत झाला की अर्थिंगचा खड्डा नुसता नावाला. वायरमनकडून एकदा तपासून घ्या, खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा आणि तीन पिनला दोन पिनचा जोड लावून वापरू नका. पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरमधून वायर लावलेली असेल तर तीही काढायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अ‍ॅडॅप्टरमधून लॅन वायरने येऊ शकते. मोठी बॅटरी असण्याचा इथेही फायदा आहे, वीज कडाडत असताना तुम्ही निवांत प्लग काढून काम करत बसता.

भाच्याने अ‍ॅपलचा मॅकबुक सुचवला असेल तर त्याबद्दल. मॅकबुक एअरमध्ये २०२० च्या एम१ प्रोसेसरपासून फॅनच नाही, म्हणजे खारी हवा आत ओढली जात नाही, आणि एम१ ची बॅटरी फक्त ४९.९ वॉट-अवर असूनही दिवसभर जाते, कारण ते वीजच कमी खातं. सव्वा किलोच्या आसपास वजन. आपल्या हवेला खरंच चांगलं मशीन. पण रॅम नाही, एसएसडी नाही, काहीच वाढवता येत नाही, बिघडलं तर दुरुस्ती महाग, आणि कॉलेजच्या काही प्रॅक्टिकलला फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर लागतं. १६ जीबीचा तुमच्या बजेटमध्ये नवीन बसणं कठीण, आणि ८ जीबीचा जुना एम१ मी चार वर्षांच्या अभ्यासासाठी सुचवणार नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाल्या विंडोज लॅपटॉपचंही तसंच, बॅटरी फार सुंदर, पण काही जुनी सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत, इंजिनिअरिंगच्या मुलीला पहिलाच लॅपटॉप तो नको.

बजेट आणखी कमी करायचं असेल तर कंपन्यांतून निघालेले बिझनेस सिरीजचे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि आता आपल्याकडेही मिळतात. ते उघडायला सोपे, कीबोर्ड दणकट, काहींच्या कीबोर्डखाली सांडलेलं पाणी वाहून जायला वाट असते. फक्त इंटेलची ८ वी पिढी किंवा त्यापुढचाच घ्या, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याआधीच्या पिढ्यांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. आणि बॅटरी नवीन टाकावी लागेल हे धरूनच भाव करा.

गेमिंगवाला कोणी घ्यावा? माझ्याकडे कणकवलीचा एक मुलगा येतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याला मी स्वतः ग्राफिक्स कार्डवाला घ्यायला सांगितला. त्याचा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही, त्याने वेगळा इन्व्हर्टर बसवलाय, आणि फोरके व्हिडिओ रेंडर करताना तासाचं काम वीस मिनिटांत होतं ते त्याचं उत्पन्न आहे. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला थ्रीडीचं काम असेल तरी विचार करावा. तुमची मुलगी कॉम्प्युटरला आहे, तिला गेम खेळायची हौस असेल तर तिलाच विचारा आणि मोकळेपणाने ठरवा, ते कारणही खोटं नाही, पण अभ्यासाला लागतो म्हणून घेऊ नका.

तर दुकानात काय मागाल, १४ इंच, दीड किलोच्या आत, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ५५ वॉट-अवर किंवा जास्त, टाइप-सी चार्जिंग, आयपीएस स्क्रीन आणि ब्राइटनेस ३०० निट्स किंवा वर. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, ते एवढ्यासाठी की २५० वाली स्क्रीन दिवसा ओटीवर किंवा पडवीत बसून दिसत नाही, आणि लाईट गेल्यावर माणूस उजेडासाठी तिथेच जाऊन बसतो. सगळं एकत्र नाहीच मिळालं तर वजनात शंभर ग्रॅम सोडा, प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली या, पण बॅटरी आणि रॅम सोडू नका.

वॉरंटी ऑनसाइट आहे का बघा, म्हणजे माणूस घरी येतो, आणि तुमच्या पिन कोडला ती सेवा खरंच आहे का ते कंपनीच्या साइटवर पिन कोड टाकून तपासा. नाहीतर कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. पाणी आणि गंज साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यासाठी अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर वेगळं मिळतं, आपल्या पावसात पहिल्या दोन वर्षांसाठी ते घेतलेलं चांगलं, पण त्यात नेमकं काय बसतं ते वाचून घ्या.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं इंग्रजीत टाईप करा. एक फाइल तयार होते, त्यात मूळ क्षमता, आताची पूर्ण चार्ज क्षमता आणि बऱ्याच मशीनमध्ये किती सायकल, म्हणजे पूर्ण चार्जच्या फेऱ्या, झाल्या ते दिसतं. नवीन म्हणून घेतलेल्या मशीनमध्ये वीस-तीस सायकल दिसल्या तर ते डिस्प्लेला ठेवलेलं असण्याची शक्यता आहे, परत करायची मुदत संपायच्या आत बोला. मग कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय चालू करा, लेनोव्होत तिला कन्झर्वेशन मोड म्हणतात, आसुसमध्ये मायआसुसच्या आत मिळते. रूमवर कायम प्लगला असतो तेव्हा ती चालू ठेवा, उष्णता आणि कायम १०० टक्के या दोन गोष्टी बॅटरीला लवकर म्हातारी करतात, आणि शुक्रवारी रात्री ही सोय बंद करून बॅटरी पूर्ण भरून घ्या म्हणजे शनिवारी गावी लाईट असो नसो. आणि पैसे भरायच्या आधी मुलीला कॉलेजात सीनियरकडून पहिल्या दोन वर्षांच्या प्रॅक्टिकलला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी आणायला सांगा. ती आणि डोळ्यासमोर असलेल्या दोन-तीन मॉडेल्सचे पूर्ण नंबर इथे टाका, शेवटच्या अक्षरासकट, मी बघून सांगते.